कैद्याला नको, रक्ताची ट्यूब बाहेर पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर अगदी तळाशी एक छोटीशी बातमी होती, अमेरिकेत जेलमध्ये असलेल्या लॅटिनो (म्हणजे मेक्सिको, दक्षिण अमेरिका वगैरे भागांतून आलेल्या घराण्यांतल्या) लोकांना हेपॅटायटिस सी या लिव्हरच्या रोगाचा धोका जास्त आहे आणि त्यांची तपासणी धड होत नाही अशी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तिचा फोटो टाकला आणि लगेच खाली सुरू, अमेरिकेतले कैदी, मेक्सिकोची माणसं, आपल्याला काय त्याचं, पेपरवाल्यांना पान भरायचं असतं वगैरे. मी तिथे काही लिहिलं नाही कारण त्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरशिवाय कशावरच धड बोलणं होत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. मी चरईत राहते, आयुष्य सगळं लॅबमध्ये गेलं, रक्त काढायचं, एलायझा नावाची रक्ताची टेस्ट लावायची, रिपोर्टवर डॉक्टरांची सही घ्यायची हेच काम. त्यामुळे ती बातमी वाचून मला अमेरिका आठवलीच नाही, आपल्या ठाण्याचं जेल आठवलं.

आधी अमेरिकेचं सांगते, कारण चार ओळींत ते काही कळण्यासारखं नव्हतं. तिथे लॅटिनो म्हणजे लोकसंख्येत साधारण पाचातला एक, पण जेलमध्ये त्यांचा वाटा त्याहून मोठा, केंद्र सरकारच्या जेलांत तर दहातले तीन जण धरा. आणि हेपॅटायटिस सी झालेल्या सगळ्या अमेरिकन लोकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा वर्षभरात कधी ना कधी कुठल्यातरी जेलमधून जाऊन येतो असा तिथला अंदाज आहे. म्हणजे हा रोग शोधायचा तर जेलसारखी दुसरी जागा नाही, माणसं आयती तुमच्यासमोर येतायत. पण होतं काय, जेलच्या आत गेलं की गरिबांचा मेडिकेड नावाचा सरकारी विमा खर्च देत नाही, हा नियम १९६५ पासूनचा, आणि बाहेर आलं की ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना तो विमा तसाही नाही. त्यात भाषा स्पॅनिश, फॉर्म इंग्रजी, आणि मनात भीती की आपलं नाव इमिग्रेशनवाल्यांकडे गेलं तर. अशा माणसाला तुम्ही विचारलंत की बाबा रक्त देतोस का, तर तो नाहीच म्हणणार ना.

आणखी एक गोष्ट मला त्यात महत्त्वाची वाटली. लॅटिनो लॅटिनो म्हणून सगळ्यांना एका पिशवीत घालतात ते चुकीचं आहे. तिकडे एका मोठ्या अभ्यासात पोर्तो रिकोच्या पुरुषांमध्ये हेपॅटायटिस सी ची अँटिबॉडी, म्हणजे हा व्हायरस कधीतरी शरीरात आल्याची रक्तातली खूण, ११.६ टक्के लोकांत मिळाली आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पुरुषांमध्ये फक्त ०.४ टक्के. दोघंही लॅटिनोच, दोघंही स्पॅनिश बोलणारे, आणि फरक जवळजवळ तीसपट. आपल्याकडेही "कैदी" म्हटलं की एकच चेहरा डोळ्यासमोर आणतात लोक, पण चेकच्या केसमध्ये अडकलेला दुकानदार, भांडणात चाकू काढलेला पोरगा आणि गर्दच्या पुडीवर पकडलेला माणूस यांचा धोका सारखा नाही. पण तपासल्याशिवाय कोणाच्या कपाळावर लिहिलेलं दिसत नाही, म्हणून सगळ्यांचीच करायची. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२० मध्ये हेच सांगितलं की प्रत्येक मोठ्या माणसाची आयुष्यात निदान एकदा हेपॅटायटिस सी ची टेस्ट झालीच पाहिजे, तू सुई घेतोस का असली चौकशी करून निवडक लोकांची नाही.

आता रोगाबद्दल. आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, मग कोणीतरी गावाकडचं औषध सांगतो, हातावर चुना लावून कावीळ उतरवणारे अजूनही आहेत, त्यांच्याकडे रांगा असतात. हेप सी मध्ये गंमत ही की बहुतेकांना सुरुवातीला काहीच होत नाही, डोळे पिवळे नाही, ताप नाही. दहातल्या तिघांच्या शरीरातून व्हायरस सहा महिन्यांत आपोआप जातो, बाकी सातांमध्ये तो राहतो आणि वर्षानुवर्षं लिव्हर खात बसतो, वीसेक वर्षांत त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांचं लिव्हर सिरॉसिसपर्यंत जातं, म्हणजे कडक होऊन निकामी व्हायला लागतं. मग पोटात पाणी, रक्ताची उलटी, तेव्हा घरचे म्हणतात पीत होता म्हणून झालं. काही वेळा तो पीत नसतोही. व्हायरस सापडलाच १९८९ मध्ये, त्याबद्दल तिघांना २०२० चं नोबेल मिळालं, पण लस अजून नाही. हेपॅटायटिस बी ची आहे, सी ची नाही, हे इथे स्पष्ट लिहिते कारण शिकलेली माणसंसुद्धा मला सांगतात की आमच्या मुलांना हेपॅटायटिसची लस झालीये.

पसरतो तो रक्तातून. एकाची सुई दुसऱ्याने घेतली, एकाच ब्लेडने चार जणांची दाढी झाली, सुई आणि काजळीने हातावर नाव गोंदवून घेतलं. जेवणातून, ताटातून, हात मिळवून, शेजारी झोपून नाही. जेलमध्ये यातलं काय काय चालतं ते मी सांगायची गरज नाही, ज्यांचं कोणी आत राहून आलंय त्यांना विचारा, क्षमतेच्या कितीतरी जास्त माणसं एका बराकीत, वस्तू कमी, सगळं वाटून वापरायचं, आणि वेळ घालवायला गोंदणं. आणि हो, ज्याला हा रोग आहे तो गर्दुल्लाच असणार असं समजू नका. डायलिसिसवरची माणसं, लहानपणापासून रक्त घेणारी थॅलेसेमियाची मुलं, जुन्या काळी ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेल्या बायका, गल्लीतल्या डॉक्टरकडे प्रत्येक तापाला इंजेक्शन घेणारे, असे कितीतरी. इजिप्तमध्ये तर सरकारनेच जंतांच्या रोगासाठी गावोगाव इंजेक्शनं दिली, काचेच्या सिरिंज परत परत वापरून, आणि देशभर हेप सी पसरला. पण त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि औषधं दिली. म्हणजे करायचं म्हटलं की होतं.

औषधाचं तर आपल्या देशासारखं नशीब कोणाचं नाही. अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोफोसबुविर आलं तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती, १२ आठवड्यांचा कोर्स ८४ हजार डॉलर. तिथली जेलं म्हणाली आमचं सगळं बजेट यातच जाईल, मग ज्याचं लिव्हर जास्त खराब त्यालाच गोळ्या, बाकीच्यांनी खराब व्हायची वाट बघा. खरं तर कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच एस्टेल विरुद्ध गॅम्बल केसमध्ये सांगितलेलं, तरी गोळ्यांसाठी कैद्यांना कोर्टात जावं लागलं. लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये कंपनीशी ठरवून टाकलं की वर्षाला इतके पैसे घे आणि गरीब पेशंट नि कैदी दोघांना लागतील तेवढ्या गोळ्या दे, तेव्हा तिथे जरा मार्ग निघाला. आपल्याकडे मात्र भारतीय कंपन्यांनी जेनेरिक काढलं आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रमात टेस्ट पण फुकट, औषध पण फुकट. तीन महिने दिवसाला एक-दोन गोळ्या, इंजेक्शन नाही, ॲडमिट व्हायचं नाही, आणि शंभरातले पंच्याण्णव पूर्ण बरे होतात. म्हणजे अमेरिकेची जी मुख्य अडचण, पैसा, ती आपल्याला नाहीच. मग अडतंय कुठे? अडतंय गेटवर.

आपल्या ठाणेकरांना जेल माहितीये ते इतिहासाचं. किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी त्याचं जेल केलं, १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. हे सगळं शाळेत सांगतात आणि सांगायलाच हवं. पण आज त्या भिंतीच्या आत कोण आहे आणि त्याला काय आजार आहे याबद्दल बाहेर मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका सोडल्या तर कोणालाच काही पडलेली नाही. आत बहुतेक कच्चे कैदी. देशभरात २०२२ च्या सरकारी आकड्यांत ७५.८ टक्के कैदी कच्चेच होते, म्हणजे चार जणांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आणि कच्चा कैदी म्हणजे आज आत, उद्या जामीन, परवा दुसऱ्या केसमध्ये दुसऱ्या जेलला ट्रान्सफर. कोण किती दिवस आत असेल हे कोणीच सांगू शकत नाही, वकीलही नाही.

आता याच्या शेजारी हेप सी चं टाइमटेबल ठेवून बघा. आधी बोटातून रक्त घेऊन रॅपिड टेस्ट, वीस मिनिटं. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग आहेच असं नाही, कारण अँटिबॉडी बरा झालेल्या माणसातही जन्मभर राहते. म्हणून मग व्हायरल लोड करायचा, म्हणजे रक्तात आत्ता व्हायरस आहे का नि किती ते बघायचं, ते खरं उत्तर. सोबत हेपॅटायटिस बी पण बघायचा कारण बी लपून बसला असेल तर सी ची औषधं चालू केल्यावर तो उसळी मारू शकतो. मग लिव्हरची अवस्था बघायची, मग १२ आठवडे गोळ्या, आणि संपल्यावर परत १२ आठवडे थांबून शेवटचा व्हायरल लोड, तो निगेटिव्ह आला की झाला बरा. म्हणजे पहिल्या थेंबापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत सहा महिने धरा. एवढ्या वेळात माणूस दोनदा जेल बदलतो, एकदा जामिनावर सुटतो आणि कधी परत आत येतो.

आमच्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्याच्या मुलाचं हेच झालं. आपल्या भागातल्याच एका जेलमध्ये होता, तिथे एकदा कॅम्प लागला, रक्त घेतलं, कसलं घेतलं ते त्याला कोणी नीट सांगितलं नाही, तो समजला एचआयव्हीचं. रिपोर्ट यायच्या आत जामीन झाला. घरी आला, लग्न झालं, नंतर बायको गरोदर असताना तिची तपासणी झाली तेव्हा तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता पण डॉक्टरांनी नवऱ्याला पण करून घ्या म्हटलं आणि तेव्हा त्याला हेप सी असल्याचं कळलं. आतला रिपोर्ट कुठल्यातरी रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह म्हणून लिहिलेला असणार, पण त्याला सांगायला कोणी आलं नाही, फोन नाही, पोस्टकार्ड नाही. पत्ता तर जामिनाच्या कागदावर होता की. पोलिसांना साक्षीला बोलवायचं असलं की तोच पत्ता बरोबर सापडतो!

सरकार काहीच करत नाही असं म्हणायचं नाहीये मला. २०२३ मध्ये नॅकोने, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेने, देशभरातल्या जेलांमध्ये एचआयव्ही, टीबी, गुप्तरोग आणि हेपॅटायटिस अशी एकत्र तपासणीची मोहीम घेतली, ती चांगलीच गोष्ट. पण मोहीम म्हणजे मोहीम, महिनाभर चालते, फोटो निघतात. त्यानंतर पुढच्या महिन्यात जो आत आला त्याचं काय? जेलमध्ये आल्याआल्या प्रत्येकाचं मेडिकल होतंच, वजन, जुने आजार, अंगावरच्या खुणा सगळं लिहितात, त्याच वेळी बोटातून एक थेंब जास्त घ्यायचा. त्याला वेगळा कॅम्प नको, उद्घाटन नको, मंडप तर अजिबात नको.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो मुद्दा. रॅपिड पॉझिटिव्ह आलेल्या कैद्याला पुढच्या टेस्टसाठी सिव्हिलला न्यायचं म्हटलं की पोलीस गार्ड लागतो, आणि गार्ड मिळत नाही. बंदोबस्त आहे, गणपती आहेत, निवडणूक आहे, मंत्र्यांचा दौरा आहे. कोर्टाच्या तारखांनाच जिथे गार्ड पुरत नाहीत तिथे लिव्हरसाठी कोण देणार. यात पोलिसांचा दोष काढत नाही मी, माणसं कमी आहेत हे दिसतंय. पण माणसाला न्यायचंच कशाला? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पाच मिली रक्त घ्या, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी स्कूटरवरून लॅबला पोचवा. ट्यूबला हातकडी लागत नाही, ट्यूब पळून जात नाही. कागदी कार्डवर वाळवलेला रक्ताचा थेंबही या टेस्टला चालतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते तर पाकिटात घालून पाठवता येतं. आणि टीबीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात जी जीनएक्सपर्टची मशीन आहेत त्यावर वेगळी कार्ट्रिज टाकली की हेप सी चा व्हायरल लोड होतो, नवीन मशीन घ्यायचा प्रस्ताव मंत्रालयात फिरवायची गरज नाही. अमेरिकेने तर २०२४ मध्ये बोटातल्या थेंबावर तासाभरात रक्तात व्हायरस आहे की नाही ते सांगणाऱ्या टेस्टला परवानगी दिली, म्हणजे एकाच भेटीत निकाल हातात. ज्या माणसाचा उद्याचा भरवसा नाही त्याच्यासाठी अशीच टेस्ट पाहिजे. गोळ्या पण तशाच, २८ गोळ्यांची बाटली, ती जेलच्या दवाखान्यात पोचवायची, कैद्याला बाहेर आणायचं नाही. डॉक्टरांना बघायचंच असेल तर व्हिडिओवर बघू दे, तारखा नाहीत का होत व्हिडिओवर.

तळोज्याचं दुखणं अजून वेगळं. जेल खारघरला, लोक म्हणतात नवी मुंबई, पण तालुका पनवेल, जिल्हा रायगड, म्हणजे जिल्हा रुग्णालय कुठे तर अलिबागला! आतल्या माणसाची केस मुंबईच्या कोर्टात, घर मुंब्र्याला नाहीतर घणसोलीला म्हणजे ठाणे जिल्ह्यात. कार्यक्रम चालतो जिल्ह्याप्रमाणे. मग हा पेशंट कोणाचा, रायगडचा की ठाण्याचा? माझं म्हणणं, नोंद कैद्याच्या नावावर असू दे, जेलच्या नावावर नको. सुटताना त्याच्या हातात एक कागद द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत, कुठली टेस्ट झाली, काय आलं, किती गोळ्या झाल्या, उरलेल्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये मिळतील, आणि पुढच्या महिन्याची बाटली सोबत. घड्याळ, पाकीट, बेल्ट मोजून सही घेऊन परत देतात ना सुटताना, त्यातच हे पण. टीबीच्या पेशंटला गावी गेला तरी शोधून काढतात आपली आरोग्यसेविका, हे मी स्वतः बघितलंय, मग हेप सी वाल्याला का नाही.

भाषेचं लिहिलं कारण तळोज्यात नि ठाण्यात सगळे काही मराठी नाहीत, हिंदी, बंगाली, तेलुगू, नायजेरियन सुद्धा आहेत. लॅटिनो लोकांना जी इमिग्रेशनची भीती वाटते तीच इथे दुसऱ्या रूपात आहे, की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे मी सुई घेतो असं साहेब लिहितील आणि केसमध्ये लावतील. ही भीती अगदी खोटी म्हणता येत नाही. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, परवानगीशिवाय टेस्ट नाही, रिपोर्ट कोणाला सांगायचा नाही. हेपॅटायटिससाठी असा कायदा नाही. तेव्हा जेलने निदान लेखी नियम करावा की हा रिपोर्ट दवाखान्याच्या बाहेर जाणार नाही, तपास अधिकाऱ्याकडे नाही, जेलमधल्या सर्कलच्या (विभागाच्या) शिपायाकडे नाही, बराकीत तर नाहीच, नाहीतर ज्याचा पॉझिटिव्ह त्याला संडासाजवळ झोपायला लावतील, ताट वेगळं करतील, जे करायची गरज शून्य आहे. आणि नको म्हणायचा हक्क पाहिजे. सगळ्यांना विचारा, पण जबरदस्ती नको. नीट समजावलं तर फार कमी लोक नाही म्हणतात.

बरे होऊन परत लागण होऊ शकते हेही खरं, एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं या रोगात नाही. म्हणून ज्यांना गर्दचं व्यसन आहे त्यांना जिभेखालच्या गोळीची ओएसटी, म्हणजे गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जाणारं औषध, आतच मिळाली पाहिजे, तिहारमध्ये ती पूर्वीच सुरू झालीये, महाराष्ट्रात प्रत्येक सेंट्रल जेलमध्ये का नसावी. आणि दाढीला ज्याचं त्याचं ब्लेड. ब्लेडची किंमत किती असते?

ग्रुपवर एकाने विचारलेलं की गुन्हेगारांवर आमच्या टॅक्सचे पैसे का. तर त्यातल्या चारांपैकी तिघं अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत हे वर लिहिलंच आहे, आणि पुढे जाऊन सांगते, ठरलेला असला तरी कोर्टाने त्याला सजा दिलीये, सिरॉसिस दिलेला नाही. शिवाय ते सगळे सुटून इथेच येणार आहेत, कळव्याला, वागळेला, दिव्याला, ऐरोलीला, आपल्याच सलूनमध्ये दाढी करणार, आपल्याच हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होणार. लिव्हर पूर्ण गेल्यावर सरकारी आयसीयूत एका माणसावर जो खर्च होतो तो तीन महिन्यांच्या जेनेरिक गोळ्यांपेक्षा किती जास्त आहे हे कुठल्याही सिव्हिलच्या डॉक्टरांना विचारा, मी सांगितलं तर म्हणाल बाई वाढवून सांगतात.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर किल्ल्याचं कापा, इजिप्तचं कापा, ट्यूबचं कापू नका. आणि शक्य असेल तर शेवटचं हे एवढं चौकटीत छापा. ज्यांच्या घरचं कोणी गेल्या काही वर्षांत आत राहून आलंय, एका रात्रीसाठी का असेना, त्यांनी त्याला सिव्हिलला किंवा महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलला घेऊन जा आणि "हेपॅटायटिस बी आणि सी दोन्हीची टेस्ट करायचीये" एवढंच सांगा. कुठली केस होती, कुठल्या जेलमध्ये होता हे सांगायची गरज नाही. बी निगेटिव्ह आला तर लस घेऊन टाका. सी ची रॅपिड पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका आणि तेवढ्यावर थांबूही नका, व्हायरल लोड करून द्या म्हणून मागे लागा, कार्यक्रमात तो फुकट आहे. तोवर दाढीचं सामान, नेलकटर, टूथब्रश वेगळं ठेवा. जेवायला मात्र सगळ्यांसोबत एकत्रच बसवा त्याला.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
चरई, ठाणे